आप्पांची खिडकी आणि माझ्या थंडरबर्डचा सायलेन्सर

गेल्या दिवाळीनंतर मी रॉयल एनफिल्डची जुनी थंडरबर्ड ३५० घेतली. २०१४ चं मॉडेल, एमएच १२, तेहतीस हजार किलोमीटर चाललेली. इंजिन कोरडं होतं, कुठे तेलाचा थेंब नाही, चेन-स्प्रॉकेट नुकतंच बदललेलं, टाकी आतून स्वच्छ. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, संगम पुलाजवळच्या आरटीओत कागद गेले आणि गाडी माझी झाली. एक गोष्ट तेवढी मला पसंत नव्हती, ती म्हणजे आधीच्या मालकाने बसवलेला सायलेन्सर. आखूड, काळा रंग मारलेला, मागच्या तोंडात मनगट जाईल एवढं भोक. नंतर बदलू असं म्हणून मी पैसे मोजले. पुढचे चार महिने त्या 'नंतर'मध्ये गेले. जुनी गाडी घेऊन सायलेन्सर शोधणाऱ्या कुणाचा तरी त्यातला निम्मा वेळ वाचावा म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

मी नारायण पेठेत राहते. नोकरी भोसरी एमआयडीसीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. पहिली पाळी सातची, म्हणजे पावणेसहाला घर सोडायचं. आमच्या गल्लीत समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला मागे सरावं लागतं. दोन्ही बाजूंना दुमजली भिंती. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत तसं होत नाही, तो भिंतींवर आपटत टोकापर्यंत जसाच्या तसा जातो.

चौथ्या दिवशी समोरच्या वाड्यातल्या आप्पांनी हाक मारली. वय ऐंशीच्या पुढे, दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते म्हणाले, "उद्या निघायच्या आधी दोन मिनिटं वर ये. तुला एक दाखवायचंय." दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि खाली भावाला गाडी सुरू करायला सांगितली. आप्पांनी माझं बोट धरून खिडकीच्या काचेवर टेकवलं. जुनी लाकडी खिडकी, काच खिळ्यांवर आणि वाळलेल्या लांबीवर (पुटीवर) तगलेली. गाडी सुरू झाली आणि बोटाखाली काच थरथरायला लागली, मुठीत माशी अडकल्यावर तळव्याला लागते तशी.

"राग नाही हो माझा," आप्पा म्हणाले. "पण मला झोप लागते ती चारला. आणि ही काच पावणेसहाला बोलायला लागते."

त्या दिवसापासून मी गाडी ढकलत केळकर रस्त्यापर्यंत न्यायला लागले. दोनशे किलोच्या आसपासची गाडी, रोज पहाटे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र धरली आहे ती दहा ते सहा, आणि त्या वेळात निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पावणेसहा म्हणजे रात्रच. पण खरं सांगायचं तर नियम नसता तरी मी ढकललीच असती. बोटाला लागलेली ती थरथर विसरता येत नव्हती.

एका शनिवारी तो काळा सायलेन्सर काढून मी कंपनीत घेऊन गेले. वेल्डिंगला जे मामा आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरला कटिंग व्हील लावून तो उभा चिरला. आत एक सरळ नळी, तिला भोकं पाडलेली, आणि नळीभोवती असायला हवा होता तो ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, जवळजवळ नव्हताच. काळ्या राखेचे दोन-तीन गोळे तळाशी पडले होते. बाकी सगळी पोकळी. मागच्या टोकाला जाळी बसवायचा बोल्ट होता, जाळी कुणीतरी काढून टाकलेली. मामा म्हणाले, "ताई, हा सायलेन्सर नाय, हा कर्णा हाय." बाहेरच्या पत्र्यावर एका परदेशी कंपनीचं नाव कोरल्यासारखं दिसत होतं. नखाने खरवडलं तर स्टिकर निघाला.

आधी मी मूळ, कंपनीचाच सायलेन्सर शोधला. थंडरबर्ड २०२० मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मीटिऑर आली, त्यामुळे काउंटरवर गेलं की लगेच हातात मिळेल असं राहिलेलं नाही. एका ठिकाणी मागवून देतो म्हणाले आणि दीड महिना नुसते फोन केले. रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात फिरले. दोन सायलेन्सर मिळाले, दोन्ही खालच्या अंगाने कुजलेले. ही कूज का होते ते जुना माल घेणाऱ्याला माहीत हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली तर ते वाफ होऊन निघून जातं. रोज तीन-चार किलोमीटरचीच चक्कर असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून खात जातं. वरून क्रोम चकचकीत आणि खालून सुईने टोचलं की आरपार. म्हणून जुना सायलेन्सर नेहमी उलटा करून बघायचा.

मूळ मिळत नाही म्हटल्यावर बाहेरचा घ्यायचा ठरला. त्याआधी मी स्वतःसाठी एक गोष्ट पक्की केली, की ताकदीसाठी एक रुपयाही घालायचा नाही. या इंजिनाचे ३४६ सीसी, १९.८ बीएचपी आणि २८ न्यूटन मीटर टॉर्क. नुसता सायलेन्सर बदलून त्यात जी भर पडते ती भोसरीच्या रस्त्यावर कुणाला जाणवणारी नाही. दुकानात "पिकअप वाढतो" असं सांगतात, पण वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. मी रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसपासून साठपर्यंतचा वेळ पुढे घेतलेल्या दोन्ही सायलेन्सरवर घड्याळ लावून घेतला. फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीपेक्षा जास्त नव्हता.

नोंदणी २०२९ पर्यंतची आहे, म्हणून खर्चाची मर्यादाही ठरवली, सहा हजार.

आता कायद्याचं. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. हे ८० चौकात उभ्या गाडीवर मोजत नाहीत. गाडी ५० च्या वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडतात, आणि तिच्या वाटेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवलेला असतो. गाड्यांना मंजुरी देण्यासाठी अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे, १९६६ पासून. वेताळ टेकडीवर सकाळी चालायला जाणारे अर्धे लोक त्या टेकडीला एआरएआयचीच टेकडी म्हणतात. मीही दर रविवारी जाते. आत काय चालतं याचा विचार मात्र पहिल्यांदा या सायलेन्सरने करायला लावला.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. आवाज आणि धुराचे मानक मोडले तर १९०(२) लागतं, ज्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, इथपर्यंत तरतूद आहे. काही महागड्या सायलेन्सरवर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा कोरलेला असतो. तो युरोपातल्या नियमांचा शिक्का आहे. माल बरा असल्याची ती एक खूण मानावी, पण इथल्या पोलिसापुढे तो परवाना नाही. बाहेरचा सायलेन्सर लावणाऱ्याने हे माहीत असूनच लावावा, आणि आवाज मूळ सायलेन्सरच्या जवळ ठेवावा. मी माझ्यासाठी हेच मोजमाप धरलं. कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडे मूळ सायलेन्सर असलेली थंडरबर्ड आहे. तिचा आवाज म्हणजे माझं ड्रॉइंग, आणि त्यात दोन-तीन डेसिबलची टॉलरन्स, म्हणजे चालेल इतकी तफावत.

नाना पेठेत गेले. तिथल्या पहिल्या मोठ्या दुकानात भिंतभर सायलेन्सर टांगलेले. मुलाने एक काढला, बाहेर उभ्या गाडीला लावला आणि न्यूट्रलमध्ये रेस केली. "ताई, बेस ऐका फक्त!" आजूबाजूचे सगळे वळून बघतात. सायलेन्सर असाच विकला जातो आणि तिथेच सगळी चूक आहे, असं माझं ठाम मत झालंय. दुकानासमोर न्यूट्रलमध्ये चार हजारावर रेस केलेला आवाज तुम्ही नंतर वर्षातून किती वेळा ऐकणार? तुम्हाला ऐकायचाय तो पहाटे थंड इंजिनाचा, सिग्नलला उभ्या गाडीचा आणि हायवेवर एकाच वेगात तासभर चालणाऱ्या गाडीचा. हे तिन्ही दुकानात ऐकवत नाहीत.

मी लांब शरीराचा, ग्लासवूल भरलेला, मागे बोल्टने बसवलेली जाळी असलेला एक निवडला. साडेचार हजार. दुकानदार म्हणाला, एसएस ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील. मी खिशातून लोहचुंबक काढून लावलं, चिकटलं नाही. तो खूश झाला. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. लोहचुंबक न चिकटणाऱ्यांत २०२ सुद्धा असतं, त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, आणि ते दोन पावसाळ्यांत तांबूस पडतं. उलट ४०९ हे स्टील लोहचुंबकाला चिकटतं, आणि कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर कितीतरी वेळा त्याचेच असतात. म्हणजे चिकटलं की हलकं आणि नाही चिकटलं की भारी, हा जो सरसकट समज आहे तो दोन्ही बाजूंनी फसवतो. आमच्याकडे माल तपासायला एक औषध असतं. पत्र्यावर एक थेंब टाकायचा आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची. २०२ असेल तर थेंब लाल होतो. तो लाल झाला नाही. दुकानदाराने इतक्या बारकाईने बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं असं म्हणत दोनशे रुपये कमी केले.

कंपनीत प्रेस शॉपचा आवाज तपासायला मीटर आहे, सेफ्टीच्या साहेबांनी रविवारी वापरायला दिलं. मोकळ्या पार्किंगमध्ये मी आणि सहकारी, दोन थंडरबर्ड. उभ्या गाडीवर घेतात तसं मोजमाप घेतलं. मायक्रोफोन तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात, आणि इंजिन जास्तीत जास्त ताकद ५२५० फेऱ्यांवर देतं म्हणून त्याच्या निम्म्यावर, साधारण २६०० वर. मूळ सायलेन्सर ८६. माझा नवा ८९. तीन डेसिबल! टॉलरन्समध्ये बसला. मी घरी येताना नाशिक फाट्यापासून नारायण पेठेपर्यंत समाधानात होते.

सोमवारी पहाटे वर गेले, भावाने गाडी सुरू केली आणि आप्पांची काच थरथरली. आधीपेक्षा कमी, पण थरथरली.

हे मला समजेना. मीटर खोटं बोलत नाही. मग वाटलं, खिडकीच ढिली आहे. रविवारी हार्डवेअरमधून लांबी आणून मी स्वतः चारही कडा भरल्या, खिळे घट्ट केले. काच गप्प झाली. आणि आतल्या फडताळातली स्टीलची ताटं वाजायला लागली.

उत्तर मिळालं ते प्रेस शॉपमध्ये. आमच्याकडे दोनशे टनी प्रेस आहे. ती खाली आली की आवाज छातीत लागतो, पण मीटरवर शेजारचा कॉम्प्रेसर तिच्यापेक्षा जास्त दाखवतो. मीटरवर एक छोटं बटण असतं, ए आणि सी. ए म्हणजे माणसाच्या कानासारखं मोजणं. आपल्या कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो म्हणून ए-मापनात तो कापून टाकतात. १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला ३०. सीमध्ये हे कापणं जवळजवळ नसतं. थंडरबर्डचं इंजिन एक सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांना एक स्फोट. दीड हजार फेऱ्यांवर सेकंदाला साडेबारा स्फोट, आणि त्यावर चढत जाणाऱ्या पट्ट्या, पंचवीस, पन्नास, शंभर. या गाडीचा सगळा जीव खर्जात आहे. आणि मी मोजत होते ते खर्ज वगळून.

पुढच्या रविवारी बटण सीवर करून पुन्हा मोजलं. मूळ सायलेन्सर ९४. माझा १०६. ए वर तीनचा फरक, सीवर बाराचा. कान जे फारसं ऐकत नव्हता ते आप्पांची काच आणि ताटं ऐकत होती.

हे असं का, याचं कारण सायलेन्सरच्या पोटात आहे. ग्लासवूल आवाज शोषतो, पण तो वरच्या पट्टीतला, कर्कश भाग. खर्जातल्या लांब लाटांना दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा ग्लासवूल अडवू शकत नाही. त्या अडवायच्या तर आत कप्पे लागतात, नळ्या उलटसुलट फिरवाव्या लागतात, म्हणजे लाट आपटून परत येते आणि पुढच्या लाटेला मारते. कंपनीचा सायलेन्सर त्यासाठीच जड असतो. लोक तो वजनाला कंटाळून काढून टाकतात आणि दुकानात सरळ नळीच्या हलक्या सायलेन्सरला भारी मानतात.

याच सायलेन्सरवर मी एकदा साताऱ्याला मावशीकडे जाऊन आले. खंबाटकीचा घाट उतरताना थ्रॉटल सोडला की फट-फट आवाज, आणि ऐंशीच्या वेगात हेल्मेटच्या आत सतत एक घूं. येताना बोगद्यात तो घूं इतका वाढला की मी वेग कमी केला. घरी आले तेव्हा कानात तो तासभर राहिला होता. प्लग काढून बघितले. या इंजिनाला एकाच सिलिंडरवर दोन प्लग आहेत. दोन्ही पांढुरके. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा. धूर बाहेर जायला वाट मोकळी झाली, कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मात्र तेच राहिलं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजिन लीन चाललं होतं आणि जास्त तापत होतं. सायलेन्सरवर साडेचार हजार खर्च करणारे मेन जेट एक नंबर मोठं टाकायला विसरतात. मग इंजिन गरम होतंय म्हणून ऑइल बदलत बसतात.

मी तो सायलेन्सर काढला. परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, त्याचंही बरोबर, एकदा तापून निळा पडलेला पाइप कोण घेणार. तो ऑनलाइन तीन हजाराला गेला. घ्यायला आलेल्या मुलाला मी सगळं आधी सांगितलं. त्याचं घर मोकळ्या जागेत आहे म्हणाला.

दुसऱ्यांदा नाना पेठेत गेले तेव्हा मला काय हवंय हे ठाऊक होतं, आणि दुकानात मीटर नेता येत नाही हेही. मग तीन गोष्टी केल्या. एक म्हणजे मोबाइलचा टॉर्च. सायलेन्सरच्या पुढच्या तोंडात टॉर्च धरायचा आणि मागून डोळा लावायचा. उजेड दिसला तर सरळ नळी. दुसरं, बोटाच्या पेराने पूर्ण लांबीवर टिचकी मारत जायचं. मडकं निवडताना मारतो तशीच. भरलेल्या भागात ठस्स आवाज येतो, कप्प्याच्या भागात पोकळ. तिसरं, वजन. भंगारवाल्याचा ताणकाटा मी सोबतच नेला होता.

पाच दुकानं झाली. सगळीकडे उजेड आरपार. सहावं दुकान गल्लीच्या आत, अंधारं. तिथल्या काकांना मी म्हटलं, "काका, आवाज न करणारा दाखवा." ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन माळ्यावरून एक काढला, वर धूळ. लांब, जुन्या बुलेटच्या घाटाचा, पॉलिश नाही, कुठलंही नाव नाही. "हा कुणी घेत नाही ताई. रेस केली तरी आवाज देत नाही." टॉर्च लावला, अंधार. टिचक्या मारल्या, पहिला एक तृतीयांश भाग पोकळ, पुढे ठस्स. म्हणजे आधी कप्पा आणि मग ग्लासवूल. वजन पहिल्यापेक्षा सव्वा किलो जास्त. लोहचुंबक चिकटलं, तोंडाकडचा वेल्ड सलग आणि सारख्या खवल्यांचा होता, आणि खालच्या अंगाला पाणी गळून जायला बारीक भोक ठेवलेलं. ज्याने हे भोक पाडलं त्याला सायलेन्सर कसा कुजतो हे ठाऊक होतं. माझा निर्णय त्या भोकाने केला. तीन हजार आठशे.

इंजिनातून येणाऱ्या बेंडपाइपच्या जोडात तो अर्धा मिलिमीटर सैल बसत होता. मामांनी एक पातळ पत्र्याची बुश गुंडाळून दिली आणि नवा क्लॅम्प लावला. सीवर ९७, ए वर ८८. मग साडेसात मीटरवर उभं राहून सहकाऱ्याला पन्नासच्या वेगाने पूर्ण थ्रॉटल देत माझी गाडी चालवायला सांगितली, नंतर त्याची. माझी ७९, त्याची ७७. हे प्रमाणपत्र नाही, एका कंपनीच्या पार्किंगमधलं मोजमाप आहे, भिंतींचा आवाजही त्यात मिसळला असणार. पण दोन्ही गाड्या एकाच जागी, एकाच मीटरवर मोजल्या, आणि मला तुलनाच हवी होती. तीनशे किलोमीटरनंतर प्लग काढले. तपकिरी. जेटला हात लावावा लागला नाही.

एक गोष्ट ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी. माझी बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची, आणि कार्ब्युरेटरची. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटकॉन असतो, ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅटकॉन बेंडपाइपमध्ये आहे की सायलेन्सरच्या पोटात हे आधी बघा. पोटात असेल तर सायलेन्सर बदलला की तोही गेला, आणि पीयूसीला गाडी अडकू शकते.

गाडी मी पहिल्यांदा गल्लीत सुरू केली तो मंगळवार होता. आप्पांना आधी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी परत आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"आज खालीच सुरू केलीस."

"हो आप्पा. लागली का?"

"ऐकू आली की. तू निघालीस हे कळलं." थोडं थांबून म्हणाले, "ताटं वाजली नाहीत."

मी तरीही वर जाऊन दुसऱ्या दिवशी काचेला बोट लावलं. लांबी आता पक्की वाळली आहे, म्हणून ताटावरही लावलं. काही नाही. गाडी दोन मिनिटं चालू ठेवली होती. शेवटी आप्पा म्हणाले, "आता बंद कर गं, पेट्रोल जळतंय."

एक काम अजून राहिलंय. वाकडेवाडीच्या उतारावर थ्रॉटल सोडला की अधूनमधून एखादी फट ऐकू येते. सायलेन्सर दोन वेळा काढून-घालून बेंडपाइप आणि हेडमधलं पॅकिंग दबलं असावं. तिथून बारीकशी हवा आत ओढली गेली की न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतं. परवा अगरबत्तीचा धूर धरून बघितला, डावीकडच्या नटाजवळ तो आत ओढल्यासारखा हलला. नवं पॅकिंग आणून ठेवलंय. रविवारी इंजिन थंड असताना दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळत बसवणार आहे.